हादग्याची शिक्षा

मी साताऱ्याच्या टेलिफोन ऑफिसात चौकशीच्या बोर्डावर होते. लोक फोन करून विचारायचे, "बाई, अमक्या वकिलांचा नंबर सांगता का?" आणि मी सांगायचे. समोर डिरेक्टरी उघडी ठेवायची पद्धत होती. मी ती मिटून कोपराखाली घ्यायचे. दवाखाने, शाळा, मंगल कार्यालयं, लाकडाच्या वखारी, निम्मं शहर मला तोंडपाठ होतं. शेजारची मैत्रीण पानं उलटत असायची तेवढ्यात मी तिच्याही गिऱ्हाइकाचा नंबर सांगून मोकळी व्हायचे आणि ती चिडली की खुशाल हसायचे. खोटं कशाला बोलू, मला त्याचा चांगलाच माज होता.

नव्वद सालानंतरची गोष्ट. बेचाळिसाव्या वर्षी माझ्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन, मग केमो, मग किरणांचे शेक. सगळं सांगलीला झालं, कारण धाकटी बहीण तिथं होती आणि तिचं घर दवाखान्यापासून रिक्षाच्या अंतरावर होतं. आठ महिने तिच्याकडं राहिले. त्या आठ महिन्यांचं रडगाणं मी इथं गाणार नाही. केस गेले, तोंडाची चव गेली, बहिणीच्या नवऱ्यानं एका शब्दानं कधी कुरकूर केली नाही, एवढं पुरे. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता घरी जा," आणि मी भडंगाच्या दोन पिशव्या घेऊन सातारच्या गाडीत बसले. फार आनंदात होते मी.

घरी आल्यावर लक्षात आलं की डोकं काही नीट चालत नाही. दूध गॅसवर ठेवून मी कपडे वाळत घालायला जायचे आणि करपल्याचा वास आल्यावर, शेजारी कुणाचं तरी दूध उतू गेलं म्हणून त्यांना नावं ठेवायचे. वाण्याच्या दुकानात जाऊन नुसती उभी राहायचे. एकदा नवऱ्याला ऑफिसात फोन करायचा होता. रिसीव्हर उचलला आणि नंबरच आठवेना. त्यांच्या ऑफिसचा नंबर! वीस वर्षं लावलेला! मी रिसीव्हर खाली ठेवला आणि एकेक ठिकाण आठवून बघितलं. सिव्हिल, कोर्ट, स्टँड, माझी स्वतःची शाळा. दहातले दोन आले, तेही बिचकत. मला दरदरून घाम फुटला.

आमचे ऑफिसातले साहेब मोसंबी घेऊन भेटायला आले होते. भला माणूस. खुर्चीच्या कडेवर बसून, कपबशी सांभाळत म्हणाले, "रजा दिवाळीआधी संपतेय तुमची. आल्यावर फाइलींच्या टेबलावर बसा. तिथं घाई नाही, ताण नाही." कुणीतरी त्यांना सांगितलं असणार की बाई विसरतात. मी म्हटलं, "बघू." फाइलींचं टेबल मला ठाऊक होतं. जिन्याखाली, ट्यूबलाइटच्या उजेडात. तिथं बसलेल्या माणसाला दिवसभर कुणी काही विचारत नाही. मला बोर्ड हवा होता. माझा बोर्ड, माझी खुर्ची, कानाला हेडफोन आणि "हॅलो, चौकशी." बरं होऊन घरी यायचं ते काय जिन्याखाली बसायला?

पुढच्या तपासणीला सांगलीला गेले तेव्हा डॉक्टरांपुढं रडलेच मी. ते म्हणाले, "औषधं कडक होती, त्यात थकवा आणि काळजी. बऱ्याच जणांना असं होतं, हळूहळू कमी होतं. चाला, वेळेवर झोपा आणि डोक्याला थोडं थोडं काम द्या. रोज काहीतरी पाठ करा. पण थोडंच. आज एक, उद्या दोन."

हे माझ्या नवऱ्यानं ऐकलं, आणि तिथंच घोटाळा झाला. ते पाटबंधारे खात्यात होते, आणि कुठलंही काम तक्त्याशिवाय करायचं नाही असा त्यांचा स्वभाव. दुसऱ्या दिवशी त्यांनी कागदावर वीस शब्द लिहिले. छत्री, हातोडा, बटाटा, राज्यपाल असे. मला वाचायला दिले, कागद काढून घेतला आणि हातातलं घड्याळ बघत समोर बसले. "हं, सांग." मला छत्री आठवली. मग बटाटा. मग राज्यपाल आठवला आणि हसूच आलं. "अहो, ह्यांचा आणि बटाट्याचा काय संबंध?" ते म्हणाले, "संबंध नसतो, तेच तर कठीण असतं. वीसपैकी तीन." आणि तक्त्यात लिहिलं. जेवताना विचारायचे, "परवा भाजी कुठली होती?" आठ दिवसांनी मी तो तक्ता चुलीत घातला असता, पण घरात गॅस होता, म्हणून फाडून टाकला. "मला परीक्षा नकोय," मी ओरडले, "परीक्षा दिवाळीला आहेच!" बिचाऱ्यांनी तुकडे गोळा केले. त्यांचंही चुकत नव्हतं, पण मला तेव्हा कुणाचंच काही बरोबर वाटत नव्हतं.

आमच्या शेजारी एक बाई राहायच्या. औंधच्या बाजूच्या शेतकरी घरातल्या, मालक फौजेत, दोन पोरींच्या शाळेसाठी साताऱ्यात बिऱ्हाड केलेलं. अंगानं भारी, आवाजानं त्याहून भारी. सप्टेंबर संपत आला तशा त्या एक दिवस दारात येऊन म्हणाल्या, "आवं वैनी, ह्या वर्साला हादगा तुमीच घ्या की. पोरींच्या म्होरं गानी म्हनाया कोन बी न्हाई." दरवर्षी आमच्या बोळाचा हादगा ज्या बाई घ्यायच्या, त्यांच्या नवऱ्याची पुण्याला बदली झाली होती.

हादगा म्हणजे मुलींचा खेळ. पाटावर खडूनं हत्ती काढायचा, पाट मधे ठेवायचा आणि हात धरून भोवती फेर धरत गाणी म्हणायची. सोळा दिवस, रोज वेगळ्या घरी. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत शेवटच्या दिवशी सोळा. गाणी झाली की त्या घरची बाई झाकलेला डबा वाजवून दाखवते आणि आत खिरापत काय आहे ते मुलींनी ओळखायचं. ओळखेपर्यंत झाकण उघडत नाहीत. लहानपणी मला सगळी गाणी येत होती, आमच्या गल्लीत मीच पुढं असायचे.

"मला नका सांगू," मी म्हटलं. "मला सध्या माझं नाव आठवलं तरी पेढे वाटावेत अशी गत आहे."

"मग काय बिघाडलं? पयल्या दिशी येकच तर गानं हाय."

मी हो म्हटलं. आज एक, उद्या दोन. डॉक्टर हेच म्हणाले होते, पण ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकताना औषधासारखं वाटलं होतं.

पहिले सहा दिवस झकास गेले, आणि त्याचं कारण सांगायला मला आजही लाज वाटते. चौदा पोरी एकदम गात असल्या की एका बाईचा आवाज कुणाला ऐकू येतो? ओळ आठवली की मी मोठ्यानं म्हणायचे, नाही आठवली की नुसते ओठ हलवायचे. हादग्याच्या गाण्यांत सासरची माणसं रांगेनं येतात, दागिने रांगेनं येतात, भाज्या रांगेनं येतात. कोण आधी, कोण नंतर, इथंच माझी दांडी उडायची. मग मी खोकायचे किंवा पदर सावरायचे. केस तेव्हा बोटभर वाढले होते, पोरींना वाटायचं काकूंनी फॅशन केलीय. मी तसंच वाटू दिलं.

सातव्या दिवशी हादगा माझ्या घरी होता. दुपारीच मी रव्याचे लाडू वळले. झकास वळले गेले. पोरी आल्या, सात गाणी झाली, मी डबा आणला आणि वाजवला.

"भडंग!" धाकटी एक पोर लगेच ओरडली.

"अंहं," मी म्हटलं. "लांब आहात."

"चिवडा? पापडी? शेव?"

"नाही, नाही, नाही."

"काकू, पुन्हा वाजवा." मी वाजवला. "भडंगच आहे, काकू! खुळखुळ होतंय!"

"मी सांगते ना, भडंग नाही. गोड आहे." मला इतकी मजा येत होती! आठ-नऊ महिन्यांत मी अशी कुणाला झुलवली नव्हती. पोरींनी शिरा म्हटलं, सांज्याची पोळी म्हटलं, बर्फी म्हटलं, खारीक म्हटलं. लाडू मात्र कुणाच्या डोक्यात येईना, कारण लाडू असे वाजत नाहीत. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. दहा मिनिटांनी त्या थकून म्हणाल्या, "हरलो बाई, हरलो," आणि मी ऐटीत झाकण उघडलं.

आत भडंग होतं. सांगलीचं, बहिणीनं पाठवलेलं, लसणीचा वास येणारं.

लाडू वळून झाल्यावर मीच विचार केला होता की पोरींना तिखट आवडेल, म्हणून डब्यात भडंग भरलं आणि लाडू फळीवर ठेवले. हे मला नंतर, फळीवर लाडू दिसल्यावर, जोडून काढावं लागलं. त्या क्षणी मी डब्यात बघत नुसती उभी होते. पोरींनी एकच कालवा केला. "चीटिंग! काकूंनी चीटिंग केलं!" जी पोर पहिल्यांदा भडंग म्हणाली होती ती हुंदके देऊन रडायला लागली.

"अगं, मी विसरले," मी म्हटलं.

शेजारच्या बाईंची थोरली पोर, बारा वर्षांची, दोन वेण्यांची, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "स्वतः डबा भरल्यावर कुणी विसरतं होय? मुद्दाम केलंत तुम्ही."

मला एकदम जाणवलं की हे बरं आहे. चीटर ठरलेलं बरं, विसरभोळी ठरण्यापेक्षा. "हो," मी म्हटलं, "केलं चीटिंग. मग?"

"मग शिक्षा!" पोरींनी डोकी एकत्र केली, कुजबुज केली आणि थोरलीनं निकाल दिला. "उद्यापासनं सगळी गाणी तुम्ही एकट्यांनी म्हणायची. आम्ही नुसता फेर धरणार. चुकलात की पहिल्या गाण्यापासनं."

भडंग खाऊन पोरी गेल्या. मी स्वैपाकघरात ओट्याला टेकून रडले. शेजारच्या बाई आत आल्या, त्यांना माझं सगळं ठाऊक होतं. मी म्हटलं, "मी उद्याच साहेबांना चिठ्ठी लिहिते. फाइलींचं टेबल घेते. स्वतःच्या हातानं भरलेला डबा मला आठवत नाही, मी लोकांना नंबर काय सांगणार?"

"आवं, रडताय काय? पोरीस्नी लय मज्जा आली की. येरवी येका मिन्टात वळखत्यात. मी सांगू का त्यास्नी खरं काय झालं ते?"

"खबरदार!"

"मग भोगा शिक्षा," त्या म्हणाल्या आणि फळीवरचा एक लाडू उचलून तोंडात टाकला. "लाडू मातूर ग्वाड झाल्यात."

मी चिठ्ठी लिहिली नाही. रागानंच लिहिली नाही म्हणा. बारा वर्षांच्या पोरीनं मला सुनवावं आणि मी पळून जावं? दुसऱ्या दिवशी सकाळपासून गाणी घोकायला बसले, तर घोकून काही होईना. मग चालता-बोलता म्हणू लागले. पहिलं गाणं पाणी भरताना, दुसरं कणीक मळताना, तिसरं केर काढताना. केर काढायला लागलं की तिसरं आपोआप तोंडात यायचं. ऑपरेशनच्या बाजूचा हात वर जात नव्हता, म्हणून सांगलीच्या नर्सबाईंनी एक व्यायाम दिला होता. भिंतीकडं तोंड करून बोटं एकेक करत वर चढवायची. तो मी कंटाळा करून सोडला होता. आता भिंतीवर चौथं गाणं लावलं, एका ओळीला चार बोटं. गाणं संपेपर्यंत हात कुठल्या कुठं पोचायचा. संध्याकाळी टेकडीवरच्या चार भिंती स्मारकापर्यंत चालायला जायचे तेव्हा उरलेली. वाटेत भेटणारे लोक वेड्या बाईकडं बघावं तसे बघायचे. बघोत बापडे.

नवऱ्यानं घड्याळ काढलं नाही. तक्ताही नाही. पण रोज सकाळी कानावर पडून त्यांनाच गाणी पाठ झाली. एका सकाळी बघते तर हे मिशीवाले गृहस्थ गालाला साबण लावून सासरी निघालेल्या मुलीचं गाणं म्हणताहेत आणि तेही अगदी मन लावून. मी दारात उभी राहून ऐकलं. मग म्हटलं, "अहो, नणंद दिराच्या आधी येते." ते आरशातून माझ्याकडं बघत राहिले. "बरोबर," म्हणाले, "तुझं बरोबर आहे." तोंडावरचा साबण तसाच होता आणि डोळे भरून आले होते. मला फार प्रेम आलं त्यांचं, पण म्हटलं काय, तर "ब्लेड जपून."

आठव्या दिवशी मी चार वेळा चुकले. अकराव्या दिवशी दोनदा. पोरी दया दाखवत नव्हत्या. आजारी माणसाला लोक जपतात ना, तसं त्यांनी मला जपलं नाही, आणि त्याचा मला किती आधार वाटला हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. पाहुणे यायचे ते माझ्याशी हळू बोलायचे, मी वाक्य पुरं करायच्या आधी तेच ते पुरं करून द्यायचे. ह्या पोरी हाताची घडी घालून थांबायच्या. "आठवा, काकू. आम्हाला घाई नाही."

ह्या दिवसांत नंबर परत आले का, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर हे, की काही आले, काही नाही. तेराव्या दिवशी भांडी घासता घासता सिव्हिलचा नंबर एकदम सरळ आठवला. कोर्टाचा नाही आठवला. पण नाही आठवला म्हणून आता घाम फुटत नव्हता. झोप लागत होती. भाजी तिखट लागायला लागली होती. आरशात बघताना मी केसांवरून हात फिरवायचे आणि मला ते केस आवडायचे.

सोळाव्या दिवशी शेजारच्या बाईंच्या घरी मी दहा गाणी सरळ म्हटली आणि अकराव्यात अडकले. फेर थांबला. मी आठवत राहिले, पण पुढची ओळ काही आली नाही.

"ऱ्हाऊ द्या की गं," शेजारच्या बाई म्हणाल्या. "शेवटचा दिस हाय. तुमचं बी पाय दुकत्यात."

थोरली माझ्याकडं बघत होती. "शिक्षा म्हणजे शिक्षा," मीच म्हटलं. "पहिल्यापासून." आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्यांदा अकरावं आलं आणि गेलंही, मला कळायच्या आत. सोळावं संपलं तेव्हा बाहेर दिवे लागत होते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पोरींना भूक लागली होती, त्या डब्याकडं धावल्या. मी भिंतीला टेकून बसले. इतकी खूश मी लग्नातसुद्धा नव्हते.

दिवाळीच्या आठ दिवस आधी मी कामावर गेले. साहेबांनी जिन्याकडं बघितलं. मी म्हटलं, "साहेब, मला एक आठवडा बोर्ड द्या. लोकांच्या तक्रारी आल्या तर मी माझ्या पायानं फाइलींकडं जाईन." त्यांनी मान हलवली आणि ते माझ्या मागच्या टेबलावर कागद चाळत बसले. चाळत नव्हते, ऐकत होते.

सकाळभर मी पुस्तक उघडत होते. जो नंबर पक्का येईल तो तोंडी, बाकीचे बघून. शेजारच्या मैत्रिणीनं एकदा मला नंबर सांगितला आणि हसली. हसू दे, तिची पाळी होती.

जेवणाच्या सुट्टीआधी एक कॉल आला. बाईचा आवाज, कुठल्या तरी गावच्या टेलिफोन बूथवरून. "आवं बाई, सांगलीचा लंबर घावंल का?"

"कुणाचा हवाय?"

तिनं दवाखान्याचं नाव सांगितलं. माझाच दवाखाना. मी श्वाससुद्धा न घेता कोडसकट नंबर सांगून टाकला, एका दमात, पूर्वीसारखा. वळून साहेबांकडं बघितलंही. नियम असा की नंबर दिला की लाइन मोकळी करायची. पण पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला नाही.

"मिळाला ना?"

"व्हय, मिळाला." बोर्डावर दुसरे दिवे लागायला लागले. "बाई, येक इचारू का? रागावू नगा. तितनं मानूस बरं हून माघारी येतं का वो?"

"मी आलेय," मी म्हटलं. "मला गाठ होती. आठ महिने मी तिथंच होते. आज माझा कामावरचा पहिला दिवस आहे."

मग ती म्हणाली, "तर मग लंबर पुन्यांदा सांगा. मगाशी म्या लिवलाच न्हवता."

नंबर माझ्या ओठांवर तयार होता. पण मी म्हटलं, "थांबा हं," आणि सांगलीची डिरेक्टरी ओढून घेतली. साहेब बघत होते, शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीण बघत होती. दुसऱ्या कुणाला चुकीचा नंबर गेला तर तो चार शिव्या घालतो आणि पुन्हा फोन करतो. ही बाई पुन्हा फोन करणार नव्हती. मी पान काढलं, ओळीवर बोट ठेवलं आणि एकेक आकडा वाचला. तिनं एकेक आकडा माघारी म्हणून लिहून घेतला.